डॅशबोर्ड आच्छादन

डॅशबोर्ड आच्छादन म्हणजे मोटारगाडीच्या तडा गेलेल्या, उललेल्या किंवा रंग उडालेल्या डॅशबोर्डावर कापड, रेक्झिन, चामडे अथवा साच्यातील प्लॅस्टिकचे कवच बसवून तो झाकण्याची प्रक्रिया होय. प्रामुख्याने पंधरा वर्षांहून जुन्या गाड्यांत, जेथे मूळ डॅशबोर्ड बाजारात मिळेनासा झालेला असतो किंवा त्याची किंमत गाडीच्या मानाने परवडत नाही, तेथे हा उपाय केला जातो. महाराष्ट्रात हे काम बहुतांशी सीट कव्हर शिवणाऱ्या कुशन कारागिरांकडे असते. आच्छादनामुळे तडा दिसेनासा होतो, परंतु तडा ज्या कारणाने गेला ते कारण दूर होत नाही. त्याचप्रमाणे चुकीच्या आच्छादनाने काचेवरील धुके घालवणारे झरोके आणि काही गाड्यांतील एअरबॅग यांना अडथळा होऊ शकतो. म्हणून हा विषय केवळ सजावटीचा मानला जात नाही.

संज्ञा

डॅशबोर्ड हा शब्द मोटारीपेक्षा जुना आहे. घोडागाडीत घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल हाकणाऱ्याच्या अंगावर येऊ नये म्हणून पुढे लाकडाची किंवा चामड्याची आडवी फळी लावत, तिला हे नाव होते. मोटार आल्यावर फळीचे मूळ काम संपले, पण जागा तीच राहिली आणि तिच्यावर वेगमापक, इंधनमापक व खटके बसवले जाऊ लागले. मराठीत या भागाला स्वतंत्र शब्द रुळला नाही. गॅरेजमध्ये 'डॅशबोर्ड' किंवा नुसते 'डॅश' असेच म्हटले जाते.

आच्छादनासाठी वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम चामड्याला मराठीत सरसकट रेक्झिन म्हणतात. मुळात रेक्झिन हे मँचेस्टरजवळच्या हाइड येथील एका कारखान्याच्या उत्पादनाचे व्यापारी नाव होते आणि ते कापड नायट्रोसेल्युलोजचा लेप देऊन केलेले असे. आज दुकानात रेक्झिन म्हणून मिळणारा माल पॉलिव्हिनाइल क्लोराइडचा, म्हणजे पीव्हीसीचा, लेप दिलेले कापड असतो. मूळ रेक्झिनशी त्याचा संबंध नावापुरताच आहे.

पार्श्वभूमी

सुरुवातीच्या मोटारींचे डॅशबोर्ड लाकडाचे किंवा रंगवलेल्या पत्र्याचे होते. त्यांना ऊन फारसे बाधत नसे, परंतु अपघातात प्रवाशाचे डोके किंवा छाती त्यांवर आदळून गंभीर दुखापती होत. १९३० च्या दशकात अमेरिकेतील डेट्रॉइटचे शल्यचिकित्सक क्लेअर स्ट्रेथ यांनी अशा जखमींवर उपचार करताना मऊ डॅशबोर्डाचा आग्रह धरला. १९५६ मध्ये फोर्ड कंपनीने आपल्या गाड्यांत मऊ अस्तराचा डॅशबोर्ड देऊ केला. १ जानेवारी १९६८ पासून अमेरिकेत गाडीच्या अंतर्भागावर आदळून होणाऱ्या इजांसंबंधीचे सुरक्षा मानक लागू झाले. त्यानंतर पीव्हीसीची पातळ त्वचा, तिच्या आत पॉलियुरेथेनचा फेस आणि त्याखाली पत्र्याचा किंवा प्लॅस्टिकचा सांगाडा अशी तीन थरांची रचना जगभर पसरली. तडे जाणारा डॅशबोर्ड तो हाच. डोके वाचवण्यासाठी आणलेला मऊपणाच पुढे त्याच्या फुटण्याचे कारण ठरला.

भारतात ही रचना उशिरा व सावकाश आली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात फियाट ११०० ही गाडी १९५० च्या दशकात तयार होऊ लागली. तिच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत समोरची पट्टी रंगवलेल्या पत्र्याची होती. त्याच मालिकेतील गाडी पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली गेली आणि मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून प्रसिद्धीस आली. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाला सुपूर्त करण्यात आली. त्या वर्गातील लहान गाड्यांत मऊ अस्तराऐवजी कडक साच्यातील प्लॅस्टिक वापरले जाई. १९९० च्या दशकात परदेशी कंपन्यांच्या गाड्या भारतात तयार होऊ लागल्यावर फेसाचे अस्तर असलेले डॅशबोर्ड अधिक दिसू लागले.

म्हणूनच 'जुन्या गाडीचा डॅशबोर्ड' या एका शब्दप्रयोगात तीन वेगवेगळ्या वस्तू येतात. पत्र्याचा डॅशबोर्ड गंजतो, कडक प्लॅस्टिकचा ठिसूळ होऊन खिळ्या-स्क्रूंच्या जागी चिरतो आणि फेसाचा वरून उलतो. तिन्हींवर एकच उपाय करणे ही या कामातील सर्वांत नित्याची चूक आहे.

तडे जाण्याची कारणे

शुद्ध पीव्हीसी कडक असते. त्यात प्लॅस्टिकीकारक म्हणून तेलासारखी द्रव्ये मिसळली की ते मऊ व लवचीक होते. अमेरिकेतील बी. एफ. गुडरिच कंपनीतील वॉल्डो सेमन यांनी १९२६ मध्ये हे मऊ पीव्हीसी प्रथम तयार केले. ही द्रव्ये पीव्हीसीशी रासायनिक बंधाने जोडलेली नसतात, तर रेणूंच्या मध्ये केवळ मुरलेली असतात. त्यामुळे उष्णतेने ती हळूहळू बाहेर पडतात. जुन्या गाडीच्या पुढच्या काचेवर आतून जो तेलकट, पुसल्यावर पसरणारा थर जमतो त्यात या द्रव्यांचा अंश असतो. बाहेर पडलेल्या द्रव्याइतकी त्वचा आकसते व कडक होते. तिच्या कडा मात्र सांगाड्याला पक्क्या बांधलेल्या असल्याने त्वचा सतत ताणलेली राहते. अखेरीस ताण जेथे एकवटतो तेथे ती फाटते. तडे बहुधा हवेच्या झरोक्यांचे कोपरे, स्पीकरच्या जाळीची कड आणि काचेजवळचा वरचा सपाट भाग येथून सुरू होतात, ते यामुळेच. खालचा फेसही काळाने भुसभुशीत होतो. पावसाळी दमट हवेने त्याचे विघटन होते आणि तड्याच्या कडा वर उचलल्या जातात.

तडे उन्हाने जातात, हा समज अर्धाच खरा आहे. दोन काचांमध्ये पारदर्शक पडदा असलेली थरयुक्त पुढची काच अतिनील किरणांचा फार मोठा भाग अडवते. पडदा नसलेली जुनी कणखर काच त्यांतील बराचसा आत येऊ देते. परंतु दृश्य प्रकाश व जवळची अवरक्त किरणे दोन्ही काचांतून आत येतात, डॅशबोर्डाचा गडद पृष्ठभाग ती शोषतो आणि बंद गाडीतील तापलेली हवा बाहेर जाऊ शकत नाही. अमेरिकेतील ॲरिझोना स्टेट विद्यापीठ व सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ यांच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कडक उन्हाळ्याच्या दिवशी एक तास उन्हात उभ्या केलेल्या गाड्यांतील हवेचे सरासरी तापमान सुमारे ४७ अंश सेल्सिअस, तर डॅशबोर्डाचे सुमारे ६९ अंश आढळले. सावलीतील गाड्यांत डॅशबोर्ड सुमारे ४८ अंशांपर्यंतच तापला. हा वीस अंशांचा फरक कोणत्याही आच्छादनापेक्षा मोठा आहे. चिंचेखाली गाडी लावणाऱ्याचा डॅशबोर्ड अधिक टिकतो, यामागील कारण एवढेच.

कोकणच्या आतील भागात यात आणखी एक गोष्ट मिसळते. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड तालुके समुद्रापासून दूर असल्याने एप्रिल-मे महिन्यांत तेथील तापमान ४० अंशांच्या आसपास किंवा त्याहून वर जाते. जूनपासून चार महिने मुसळधार पाऊस व दमट हवा असते. उन्हाळ्यात आकसलेली त्वचा पावसाळ्यात गार होते आणि तिच्या चिरांतून दमटपणा फेसात शिरतो. शहापूरजवळ भातसा नदीकाठी, मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेल्या सापगावसारख्या गावांत गाड्यांना बंदिस्त जागा क्वचितच असते. अंगणात किंवा रस्त्याकडेला बारा महिने उभी राहणारी गाडी हे चक्र दरवर्षी पुरे करते.

तात्पुरते उपाय

डॅशबोर्ड निस्तेज दिसू लागला की काही चालक त्यावर खोबरेल तेल किंवा डिझेल चोळतात. तेलाने काही दिवस चकाकी येते, पण निघून गेलेले प्लॅस्टिकीकारक परत येत नाही आणि धूळ मात्र चिकटते. डिझेल, पेट्रोल व थिनर यांनी उलट उरलेले प्लॅस्टिकीकारकही विरघळून निघते. बाजारातील सिलिकोनयुक्त पॉलिशने पृष्ठभागाचे नुकसान होतेच असे नाही, तथापि सिलिकोनचा थर राहिलेल्या जागी पुढे कोणतेही चिकटद्रव्य धरत नाही. कुशन कारागीर काम हाती घेताना गाडीला पूर्वी काय लावले होते हे विचारतो, ते याचसाठी.

तडा बुजवण्याची रीतही आहे. तड्याची दोन्ही टोके बारीक छिद्र पाडून थांबवतात, कडा तिरप्या कापतात, लवचीक लांबी भरून पॉलिश पेपरने घासतात आणि वर रंग मारतात. लहान तड्याला हे पुरते. मोठ्या तड्यात मात्र भरलेला भाग व आजूबाजूची त्वचा यांचे आकसणे सारखे नसल्याने पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या शेजारी नवा तडा उघडतो. शिवाय मूळ त्वचेवरील दाणेदार नक्षी लांबीवर उमटत नाही. त्यामुळे जागा ओळखू येते.

आच्छादनाचे प्रकार

सर्वांत सोपा प्रकार सुटी चटई किंवा डॅशबोर्ड मॅट हा होय. ती गाडीच्या मापाने कापलेली असते व काढून धुता येते. मूळ डॅशबोर्डाला ती इजा करत नाही आणि खालच्या त्वचेवर पडणारे ऊन अडवते. म्हणून तडे पडण्यापूर्वी वापरली तर तिचा उपयोग सर्वांत अधिक आहे. कोकणातील पावसाळ्यात जाड केसाळ चटई ओल धरते व तिच्याखाली बुरशी येते. पाऊसकाळात ती काढून ठेवणे इष्ट असते. पांढऱ्या, लव असलेल्या चटया एके काळी टॅक्सी व जीपचालकांत लोकप्रिय होत्या. त्यांचा दोष पुढे सांगितला आहे.

दुसरा प्रकार साच्यातील कवचाचा. विशिष्ट गाडीच्या डॅशबोर्डावर तंतोतंत बसेल असे पातळ प्लॅस्टिकचे कवच तयार करून ते चिकटवतात. अमेरिकेत जुन्या गाड्यांसाठी अशी कवचे सहज मिळतात. भारतातील जुन्या गाड्यांसाठी ती दुर्मीळ आहेत. कवच बसवण्यापूर्वी तड्याच्या उचललेल्या कडा कापून सपाट कराव्या लागतात, अन्यथा ते डुगडुगते. एकदा चिकटवलेले कवच मूळ डॅशबोर्ड न फाडता निघत नाही.

रेक्झिन मढवणे

महाराष्ट्रात सर्वाधिक प्रचलित पद्धत रेक्झिन मढवण्याची आहे आणि तिचे यश जवळजवळ पूर्णपणे कारागिराच्या हातावर अवलंबून असते. चांगल्या कामात डॅशबोर्ड गाडीतून बाहेर काढला जातो. त्याआधी बॅटरीची तार सोडवतात, मापकांचा संच, झरोक्यांच्या जाळ्या व खटके उतरवतात आणि प्रत्येक वायरीला खुणेची चिठ्ठी बांधतात. जुन्या गाडीतील वायरींचे आवरणही पीव्हीसीचेच असते व तेही तितकेच ठिसूळ झालेले असते. घाईने ओढलेल्या वायरीमुळे पुढे शॉर्ट सर्किट होण्याचा धोका डॅशबोर्डाच्या कुरूपतेपेक्षा कितीतरी मोठा आहे. डॅशबोर्ड जागेवरच ठेवून मढवण्याचे काम स्वस्तात होते, परंतु काचेखालची कड नीट दुमडता येत नाही आणि ती पहिल्या उन्हाळ्यातच सुटते.

यानंतर सैल त्वचा व भुसा झालेला फेस खरवडून काढतात, खड्डे भरतात आणि आवश्यक तेथे पातळ नवा फेस लावतात. कागदाचा फर्मा घेऊन रेक्झिन बेतले जाते. येथे कापडाची निवड महत्त्वाची ठरते. सीटसाठीचे विणलेल्या अस्तराचे रेक्झिन एका दिशेने जेमतेम ताणले जाते आणि गोलाईवर त्याला सुरकुत्या पडतात. डॅशबोर्डासाठी होजिअरीसारख्या अस्तराचे, चारही दिशांना ताणले जाणारे रेक्झिन लागते. डॅशबोर्डाचा आकार फार वळणदार असेल तर एकसंध तुकड्याऐवजी दोन-तीन तुकडे टीप घालून जोडतात. टीप मापकांच्या वरच्या छपरावर किंवा कडेच्या वळणावर येईल असे पाहतात, म्हणजे ती मुद्दाम घातलेल्या मगजीसारखी दिसते.

चिकटवण्यासाठी पॉलिक्लोरोप्रीन रबराचे चिकटद्रव्य दोन्ही पृष्ठभागांना लावून हाताला चिकटेनासे होईपर्यंत सुकू देतात, मग रेक्झिन मधून कडेकडे दाबत नेतात व हीट गनच्या उष्णतेने वळणांवर बसवतात. झरोक्यांची भोके सर्वांत शेवटी, फुलीच्या आकाराने कापून, पाकळ्या आत दुमडून करतात. आधी कापलेले भोक ताणात फाटत जाते.

या पद्धतीतील मूळ अडचण अशी की नवे रेक्झिनही पीव्हीसीचेच असते. त्यातील प्लॅस्टिकीकारक वर काचेकडे जसे जाते तसे खाली चिकटद्रव्यातही उतरते आणि ते मऊ करते. त्यातच डॅशबोर्ड ७० अंशांच्या जवळ तापला की खोलगट जागी रेक्झिन तंबूसारखे उचलले जाते. पॉलियुरेथेन किंवा नायट्राइल रबरावर आधारित चिकटद्रव्ये हा शिरकाव अधिक सहन करतात. पॉलियुरेथेनच्या लेपाचे कृत्रिम चामडे वापरल्यास प्लॅस्टिकीकारकाचा प्रश्न उरत नाही. मात्र हलक्या प्रतीचे पॉलियुरेथेन दमट हवेत काही वर्षांत सोलपटून निघते. कोरड्या विदर्भात व ओल्या कोकणात एकाच मालाचा अनुभव वेगवेगळा येतो, तो त्यामुळे. अस्सल चामडे उष्णतेने आकसते, म्हणून डॅशबोर्डासाठी विशेष कमावलेले चामडे घ्यावे लागते. बूट-चपलांचे किंवा सोफ्याचे चामडे त्या कामाचे नसते.

सुरक्षितता

डॅशबोर्डाच्या काचेलगतच्या अरुंद झरोक्यांतून येणारी हवा पुढच्या काचेवरील धुके घालवते. सुटी चटई सरकून किंवा मढवताना भोक लहान राहून हे झरोके झाकले गेले तर उन्हाळ्यात त्याचा पत्ताही लागत नाही. पावसाळ्यात शहापूरहून नाशिककडे कसारा घाटाने किंवा मुरबाडहून जुन्नरकडे माळशेज घाटाने जाताना मात्र काही मिनिटांत काच आतून पांढरी होते. घाटातील धुके व काचेवरील धुके एकत्र आल्यावर चालकाला हाताने काच पुसत गाडी चालवावी लागते. काम झाल्यावर पंखा पूर्ण वेगाने लावून, काचेच्या दोन्ही टोकांना हात धरून हवा येते का हे पाहणे ही या बाबतीतील सर्वांत सोपी चाचणी आहे.

आच्छादनाचा रंगही दृष्टीवर परिणाम करतो. पांढरा, पिवळसर किंवा तकतकीत पृष्ठभाग तिरप्या काचेत प्रतिबिंबित होतो व समोरचा रस्ता त्या प्रतिबिंबाआड फिका पडतो. उन्हात फिकट आच्छादन कमी तापते हे खरे, तरीही दृश्यमानतेसाठी गडद व निस्तेज रंगच योग्य ठरतो. बहुतेक उत्पादक डॅशबोर्डाचा वरचा भाग काळा किंवा करडा ठेवतात, त्याचे हे एक कारण आहे.

एअरबॅगचा प्रश्न सर्वांत गंभीर आहे. भारतात चालकासाठीची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. शेजारच्या प्रवाशासाठीची एअरबॅग नव्या प्रारूपांना १ एप्रिल २०२१ पासून आणि चालू प्रारूपांना ३१ डिसेंबर २०२१ पासून बंधनकारक झाली. त्याआधीच्या बहुतांश स्वस्त गाड्यांत प्रवासी बाजूस ती नसते, परंतु महागड्या प्रारूपांत दोन हजारच्या दशकापासून ती आढळते. ही पिशवी डॅशबोर्डाच्या त्वचेला आतून दिलेल्या दुबळ्या रेषेवर फाडून सेकंदाच्या काही शतांश भागात बाहेर येते. वर रेक्झिनचा अखंड तुकडा असल्यास पिशवी उशिरा किंवा वाकडी उघडते. वर कवच असल्यास ते तुकड्यांसह प्रवाशाच्या तोंडावर फेकले जाते. कारखान्यात चामड्याने मढवलेल्या डॅशबोर्डात त्या जागी ठरावीक ताणाला तुटणाऱ्या दोऱ्याची टीप असते. कुशनच्या दुकानातील नायलॉनचा दोरा त्याची जागा घेऊ शकत नाही. डॅशबोर्डाच्या डाव्या बाजूस एअरबॅगची खूण किंवा 'एसआरएस' ही अक्षरे असतील तर तो भाग मढवू नये, आणि चटई वापरायची झाल्यास तेथे कापलेली असावी.

महाराष्ट्रातील व्यवसाय आणि वापर

मुंबईत कुर्ला–कलिना भागातील सी.एस.टी. रस्ता हा गाड्यांच्या सुट्या भागांचा व सजावटीच्या सामानाचा मोठा बाजार आहे. टॅक्सीचालकांसाठी अंतर्भाग सजवणे हा हौसेचा तसाच धंद्याचा भाग होता. फुलाफुलांचे प्लॅस्टिक, रंगीत रेक्झिन व छताची नक्षीदार आवरणे ही काळ्यापिवळ्या टॅक्सीची ओळख बनली. २०१५ मध्ये सुरू झालेल्या 'टॅक्सी फॅब्रिक' या उपक्रमात तरुण रचनाकारांनी टॅक्सींची आसने व छते यांसाठी मुद्दाम चित्रित कापड तयार केले. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ अखेर शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी सेवेतून बाहेर पडली. त्याबरोबर जुन्या फियाटच्या अंतर्भागावर चालणारे नित्याचे काम संपले. आता ते हौशी संग्राहकांपुरते उरले आहे.

ग्रामीण भागात परिस्थिती निराळी आहे. तालुक्याच्या गावाहून आसपासच्या खेड्यांत प्रवासी नेणाऱ्या जुन्या महिंद्रा जीपचा डॅशबोर्ड पत्र्याचा असतो. त्याला तडा जात नाही, तरीही तापलेला पत्रा हाताला लागू नये, खडखडाट कमी व्हावा आणि गाडी नीटनेटकी दिसावी म्हणून त्यावर रेक्झिन लावतात. गंज न खरवडता लावलेल्या रेक्झिनखाली ओल साचून पत्रा आतून कुजतो. अशा गाडीस रेक्झिनपूर्वी गंजरोधक रंगाचा हात देणे हेच खरे काम, रेक्झिन हे नंतरचे.

डॅशबोर्ड हा अनेक गाड्यांत देवघराचेही काम करतो. गणपतीची किंवा कुलदैवताची लहान मूर्ती दुहेरी चिकटपट्टीने बसवलेली असते. दसऱ्याला हळदकुंकू, झेंडूची फुले व नारळ यांनी गाडीची पूजा होते. मूर्तीखालची त्वचा ऊन न लागल्याने मूळ रंगाची राहते. मूर्ती हलवल्यावर तेथे दिसणारा गडद चौकोन उरलेला डॅशबोर्ड किती विटला हे दाखवतो. मढवण्यापूर्वी मूर्ती सन्मानाने काढून घेणे आणि काम झाल्यावर त्याच जागी बसवणे हे कारागीर न सांगता करतात. उदबत्तीच्या निखाऱ्याने रेक्झिनला पडलेले भोक मात्र बुजवता येत नाही, तो तुकडा बदलावा लागतो.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. डॅशबोर्डाचे आच्छादन हा असा तपशील नसल्याने त्यासाठी परवानगी लागत नाही. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनंतर नूतनीकृत करताना वाहनाची योग्यता तपासली जाते. त्या वेळी मापके व सूचक दिवे चालू आणि चालकाला स्पष्ट दिसणारे असणे आवश्यक आहे.

पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने स्वतंत्र नोंदणीचे नियम जाहीर केले. त्यांत वाहन मूळ स्वरूपात असण्याची अट आहे. अशा गाड्यांच्या बाबतीत संग्राहकांचा कल तडा गेलेला का असेना, मूळ डॅशबोर्ड जपण्याकडे असतो. काहीजण मढवलेला डॅशबोर्ड गाडीत बसवतात आणि मूळचा कापडात गुंडाळून घरात, सावलीत ठेवून देतात.